काठी की पाणी

४ जुलै

काठी की पाणी? डोक्यात दुसरं काहीच येत नाही.

पुसेलेत्सो आज माहेरी गेली. पहिलं बाळंतपण तिकडेच व्हायचं. खिंडीपर्यंत पोचवायला गेलो होतो. तिचा धाकटा भाऊ, खोआबाने त्याचं नाव, न्यायला आला होता. निघताना त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला – बैल बघायला आल्यासारखा. "दाजी, पाठ बरी रुंद आहे तुमची. मुलगा झाला की बातमी घेऊन मीच येणार."

बातमी म्हणजे काठी. मुलगा झाल्याचं बापाला इथे कुणी तोंडाने सांगत नाही, पाठीवर हाणून सांगतात. मुलगी झाली तर डोक्यावर बादलीभर पाणी. आणि हे ऐन जुलैत, आमच्या भर हिवाळ्यात! ओढा गोठलाय, कोंबड्या चुलीपाशी येऊन बसतात.

७ जुलै

आईला खात्री आहे, मुलगीच. लग्नाच्या दिवशीच तिने सुनेचं नाव ठेवलं मा-लिनेओ, म्हणजे लिनेओची आई. लिनेओचा पत्ता नाही आणि तिची आई गेलं वर्षभर आमच्याकडे स्वयंपाक करतेय!

आता आई रोज एक बादली भरून दाराशी ठेवते. सकाळी तिच्यावर बर्फाचा पापुद्रा असतो.

"आई, निदान कोमट तरी ठेव."

"का? तुझ्या ताईच्या वेळी तुझ्या बापावर काय चहा ओतला होता?"

९ जुलै

या गावात हातात काठी नसलेला पुरुष आणि डोक्यावर बादली नसलेली बाई शोधून सापडायची नाही. हे आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं. घराबाहेर पडायची सोय उरली नाही.

आज शेजारच्या सेआबाता म्हाताऱ्याने कुत्र्यावर काठी उगारली. मी थेट गोठ्याच्या भिंतीवरून उडी मारली. पडलो कशात ते लिहीत नाही.

म्हातारा भिंतीवरून वाकून म्हणाला, "मास्तर, कळा बायकोला यायच्यात ना?"

१२ जुलै

बंदोबस्त केला. काठीसाठी पाठीला मेंढीचं कातडं बांधलं. पाण्यासाठी त्यावर खताची प्लॅस्टिकची गोणी, डोकं आणि हात बाहेर काढायला भोकं पाडून. वरून नेहमीचं घोंगडं. चालताना कुरकुर आवाज होतो. वाकता येत नाही. बुटाची नाडी आईकडून बांधून घ्यावी लागली.

"हे सोंग घालून शाळेत जाणार आहेस?" आईने विचारलं. शाळेला थंडीची सुट्टी आहे म्हणून वाचलो.

शेकायला बसलो तर गोणी मागून वितळली. दुसरी आणली.

१३ जुलै

बर्फ! खिंड बंद, मोबाइलचा टॉवरही बंद. पाठ तूर्त सुरक्षित. ज्वारीची बिअर दोन मडकी जास्त झाली.

१७ जुलै

अजून बर्फच. बसल्या बसल्या सुट्टीनंतरचा भूगोलाचा धडा काढला. आपल्या देशाच्या चार सीमा सांगा म्हटलं की पोरं एका दमात ओरडतात – शेजारी, शेजारी, शेजारी, शेजारी! बरोबरच आहे. चारही बाजूंना एकच शेजारी असला की परीक्षा सोपी जाते. आमच्या डोंगरातलं पाणी आम्ही त्यालाच विकतो. तो पैसे मोजून घेतो, मला बादलीभर फुकट मिळणार आहे.

बाबाही त्याच्याकडेच सोन्याच्या खाणीत. मी जन्मलो तेव्हा ते जमिनीखाली होते. नाताळात घरी आले तर मी रांगत होतो. गाव मात्र विसरलं नव्हतं. बाबा बसमधून उतरले, हातातली ट्रंकसुद्धा खाली ठेवू दिली नाही. म्हणे सगळ्यांत जोरात सेआबातानेच हाणली.

१९ जुलै

काही नाही.

२१ जुलै

दिवस उलटून गेले. आई आता लिनेओचं नाव काढत नाही. बादली भरते, पण माझ्याकडे न बघता.

पुसेलेत्सोला काही झालं असेल तर? तिच्या गावाहून दवाखाना लांब, रस्ता बर्फाखाली. मी इथे स्वतःच्या पाठीची काळजी करत बसलो होतो. लाज वाटते. फार भीती वाटते.

आज सेआबाता काठी घेऊन येताना दिसला, तर मुद्दाम त्याच्यापुढे पाठ करून उभा राहिलो. त्याला काही कळलेलं असलं तर हाणेल म्हणून.

"काय मास्तर, खाज सुटली का?" म्हणाला आणि पुढे गेला. मग परत आला. माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तो हात नको होता मला.

२४ जुलै, दुपार

खिंड मोकळी झाली. खोआबाने आला. लांबून घोडा ओळखला, धावलो.

हातात काठी नाही. खोगिराला बादली नाही. माझ्याकडे धड बघेना.

"दाजी, आधी आईंशी बोलायचंय," एवढंच म्हणाला. दोघं आत गेले, दार लावून घेतलं. सेआबातालाही आत बोलावलं. मला नाही.

कातडं, गोणी सगळं काढून फेकलं. कशाला हवंय आता? तबेल्यात बसून लिहितोय. घोड्यावर खोगीर चढवायला गेलो, ते उलटंच चढवलं. दार उघडलं वाटतं.

२४ जुलै, संध्याकाळ

पालथा पडून लिहितोय. पाठ टेकवत नाही आणि केसांतलं पाणी कागदावर गळतंय. तिकडच्या म्हाताऱ्यांचं शेवटपर्यंत एकमत होईना – आधी काठी की आधी पाणी? म्हणून बिचारा रिकाम्या हाताने आईला विचारायला आला. आई म्हणाली, दोन्ही एकदम.

लिनेओ आणि तिचा भाऊ! पुसेलेत्सो बरी आहे. मी सगळ्यांसमोर रडलो. ओला होतो, कुणाला कळलं नाही. मग खोआबानेने आणखी एक सणसणीत ठेवून दिली. म्हणाला, ही ताईने पाठवलीय.