नावांवर बसून जेवलो

तीर्थरूप आईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, मुकादम भला माणूस आहे. खोकलाही जवळजवळ गेलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे लढाईत गेलेल्यांचं स्मारक आहे. पहिल्या लढाईनंतर ते बाजारात उभारलं होतं. तिथे बसस्टँड झाला तेव्हा चौकात आणलं, आणि पुढच्या लढाईची नावं खाली कोरली. आता रस्ता रुंद होतोय, म्हणून आम्ही ते बागेत हलवतोय.

काल नावांची शिळा उतरवून आडवी ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्यावरच बसून डबे उघडले. एक म्हातारी बाई समोर येऊन उभी राहिली. मी हसत विचारलं, "काय आजी, काही हवंय का?"

"काही नाही. तुमचं जेवण होऊ दे. माझ्या भावाचं नाव तुमच्या खाली आहे."

मी धडपडत उठलो.

"बसा हो," त्या म्हणाल्या, "तो असता तर त्यानेच तुम्हाला बसायला दिलं असतं." आणि शिळेवर सांडलेली आमटी स्वतःच्या रुमालाने पुसायला लागल्या. मी रुमाल मागितला, पण त्यांनी दिला नाही.

आज शिळा बसवली. त्या बघायला आल्या होत्या. मला मान वर करवली नाही.

धाकट्याची सीमेवरून खुशाली आली का? आली की त्याच दिवशी कळव. त्याला मात्र यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
थोरला