तनयाचा कॉम्प्युटर — जोडायचा की आयता आणायचा

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल गणपती गेले आणि आज लगेच घरात भांडण. निरांजनं अजून घासायची आहेत!

विषय — तनयाचा कॉम्प्युटर. लोणी काळभोरच्या कॉलेजात तिचं ॲनिमेशनचं शेवटचं वर्ष. हातातला लॅपटॉप एक छोटंसं दृश्य तयार करायला दिवसभर कुंथतो, आणि दिवाळीनंतर तिला अख्खी फिल्म जमा करायची आहे. ताकदवान कॉम्प्युटर हवाच, इथपर्यंत तिघांचं एकमत. पुढे नाही.

तनया म्हणते, तयार घेऊ. "ऑर्डर केला की घरी येतो, बाबा. वायर लावायची, काम सुरू." श्रीधर म्हणतो, मी जोडणार. एकेक भाग स्वतः निवडून. "आयत्या डब्यात आत काय कोंबलंय ते कोणाला माहीत! माझ्या मुलीला मी असलं देणार नाही."

त्याचं चूक नाही. बुधवार पेठेतल्या गाळ्यात त्याने जन्मभर हेच केलं. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतले निम्मे कॉम्प्युटर त्याच्या हातचे. एप्रिलमध्ये गाळा सोडला — धंद्यात राम राहिला नाही म्हणाला. एरवी मी डोळे झाकून त्याच्या बाजूने बोलले असते. आज म्हणाले, तयारच घेऊ. वॉरंटी असते.

"वा! घरातच फितुरी," म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला.

वॉरंटीचं मला काय कळतंय? खरं कारण त्याला सांगता आलं नाही. इथे लिहिते. त्याचा उजवा हात.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी चहाबरोबर घोषणा — "पितृपंधरवडा लागला. नवीन वस्तू घेत नाहीत. घट बसले की बघू."

मी आणि तनया एकमेकींकडे बघतच राहिलो. कोण बोलतंय हे! ह्याच माणसाने पितृपंधरवड्यात सूट मिळते म्हणून फ्रिज आणला होता. माझ्या सासूबाई रडकुंडीला आल्या, तर म्हणाला होता, "पितरांनाही गार पाणी लागतच असेल." आणि आता अचानक शास्त्र!

तनया पाय आपटत कॉलेजला गेली. "बाबाला माझी पडलेलीच नाही," असं जिन्यातून मोठ्याने. त्याने ऐकलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला होता.

११ सप्टेंबर

हात मांडीवर निवांत असला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहतात — जपमाळ ओढावी तसे. ह्या माणसाने जन्मात जप केलेला नाही. त्याचं लक्ष गेलं की तो हात खिशात घालतो. हल्ली कुठेही जाताना बिनबटणांचा टी-शर्टच. विचारलं तर म्हणे, "आता मला कोण मुलाखतीला बोलावतंय?"

आज धीर करून म्हणाले, एकदा डॉक्टरांना दाखवू या. "कशासाठी?" हातासाठी. "पुण्यातल्या खड्ड्यांतून इतकी वर्षं स्कूटर चालवली. हात हलणार नाही तर काय होईल?" आणि विषय बंद. त्याचे विषय शटरसारखे बंद होतात.

माझ्या मोठ्या मामाला कंपवात होता. सुरुवात अशीच झाली होती. शब्द लिहून टाकला एकदाचा. वाटलं होतं लिहून बरं वाटेल. नाही वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपंधरवड्याचं कोडं सुटलं असं वाटतंय. तो वेळ काढतोय. तेवढ्यात हात थांबेल अशी आशा लावून बसलाय. त्याला कळत नाही, की कळूनही कळून घ्यायचं नाही?

आज मी पुन्हा आयत्याची बाजू लावून धरली. काहीबाही बोलले — धूळ बसते, वायरी दिसतात, तुला त्रास कशाला. "मला त्रास होतो असं कोण म्हणालं?" एकदम आवाज चढवला. कधी चढवत नाही. मी पोळ्या लाटायला घेतल्या. लाटताना रडले. कणीक सैल झाली होती ती वेगळीच.

तनयाला सांगावं का? नको. तिला बापाच्या हाताची काळजी की फिल्मची काळजी? पोरीचं वय काय!

१७ सप्टेंबर

शाळेत सहामाहीचे पेपर काढायचे आहेत. एकही प्रश्न सुचत नाही.

२१ सप्टेंबर, अमावस्या

उद्या घट बसतील. त्याच्याकडे आता बहाणा नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळे भाग आले! गाळ्याच्या शेजारच्या महिपतींच्या दुकानातून. त्यांनी माणूस पाठवतो म्हटलं तर ह्याने नाही म्हटलं, रिक्षा करून स्वतः घेऊन आला. जेवायच्या टेबलावर खोक्यांचा डोंगर. आणि श्रीधरचा चेहरा! किती महिन्यांनी असा पाहिला. तनयाला एकेक खोकं उघडून दाखवत होता. "हे ग्राफिक्स कार्ड. तुझी फिल्म हे ओढणार. हा पंखा आवाज करत नाही, तुझ्या आईसारखा नाही." तनया आधी फुगलेली होती, मग हसली. ते कार्ड तिला हवं होतं तेच निघालं. तिने कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेल, ह्याने लक्षात ठेवलेलं.

मी पण हसले. वाटलं, मीच उगाच मनाचे खेळ करतेय. जोडेल की तो! डोळे मिटून जोडेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

शाळेतून आले तर टेबल आवरलेलं. श्रीधर नाही. तनया म्हणाली, मदरबोर्ड खराब निघाला, बाबा बदलून आणायला गेलाय. "मी म्हणतच होते ना!"

संध्याकाळी परत आला. "कंपन्या हल्ली काहीही पाठवतात," म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. आमटीत मीठ जास्त होतं, तरी तशीच ओरपली.

२६ सप्टेंबर

महिपतींचा फोन. मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये.

"वहिनी, रागावू नका. प्रोसेसर बसतो तिथल्या पिना वाकल्यात. केसाएवढ्या असतात त्या, वरून जरा काही निसटलं तरी संपल्या. नवीन पोरांकडून होतं असं. श्रीधरच्या हातून कसं झालं? त्याने मला कॉम्प्युटर जोडायला शिकवलंय हो!"

मी म्हणाले, लाइट गेली होती. खोटं इतकं चटकन आलं.

"मी दुसरा बोर्ड देतोय. इथेच जोडून पाठवू का? त्याला विचारलं तर विषयच बदलला त्याने. मलाच कसंसं झालं."

पुढच्या तासाला सातवी ब मध्ये काय शिकवलं ते आठवत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज फुटलं.

दुसरा बोर्ड घेऊन सकाळी बसला. आम्हाला सांगितलं, जवळ येऊ नका, उजेड अडतो. मी स्वयंपाकघरातून बघत होते. उजवं मनगट डाव्या हाताने धरलेलं. प्रोसेसर उचलायचा, वर न्यायचा, थांबायचा, परत खाली ठेवायचा. पुन्हा. पुन्हा. घाम पुसायचा. मला जाऊन ते हात धरावेसे वाटले. गेले नाही. गेले असते तर त्याने मला माफ केलं नसतं.

तनया बाहेर आली. टेबलापर्यंत गेली. मग — "बाबा, बस्स ना! सबमिशन माझं आहे. तुझ्या हौसेपायी माझं वर्ष जाईल. तुझा हात थरथरतो, सगळ्यांना दिसतं! आईला दिसतं, मला दिसतं, तुलाच दिसत नाही!"

तिलाही दिसत होतं. आणि मी मूर्ख, तिच्यापासून लपवत होते!

श्रीधरने प्रोसेसर त्याच्या डबीत ठेवला. झाकण लागेना. तनयाने लावून दिलं. मग चपला घालून खाली गेला. गाडी नेली नाही. तनया माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. "मी असं बोलायला नको होतं ना, आई?" काय सांगू? नको होतं. आणि कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

३० सप्टेंबर

श्रीधरने सकाळी, दात घासता घासता सांगावं तसं सांगितलं — "आयताच घ्या. तनयाला हवा तो. दसऱ्यापर्यंत येईल असं बघा."

तीन आठवडे मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. मिळालं. आणि असं वाटलं, की कोणीतरी माझ्या हातून काहीतरी हिसकावून नेलंय. तनयाने मुळीच उडी वगैरे मारली नाही. "बाबा, नको. थांबू आपण. मी लॅपटॉपवर करते," म्हणाली. तो म्हणाला, "उगाच त्यागबिग नको. तुझ्या पिढीला शोभत नाही."

ऑर्डर करताना फोन माझ्याकडे दिला. "पत्ता तू टाक. माझी बोटं जाड आहेत."

भाग सगळे महिपतींकडे परत गेले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दरवर्षी आज तो स्क्रूड्रायव्हर, चिमटे, सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतो. यंदा मांडली नाहीत. मीच मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली.

येऊन बघितलं. "यांनी यंदा काय केलंय म्हणून यांची पूजा?"

मी उदबत्ती लावली. तोच मग वाकला आणि नमस्कार केला.

२ ऑक्टोबर, दसरा

कॉम्प्युटर आला. तनयाने स्वस्तिक काढलं, वायर लावली, काम सुरू. अगदी ती म्हणाली होती तसंच. श्रीधर तिच्या मागे खुर्ची टाकून बसला होता. पडद्यावरचं बघत.

सोनं वाटून आल्यावर गॅलरीत त्याला म्हणाले, आता तरी डॉक्टरांकडे चल. हात जोडते.

"जाऊन आलोय."

कधी?

"मार्चमध्ये. कंपवात. गोळ्या स्कूटरच्या डिकीत असतात."

आणि मला सांगितलं नाहीस?

"सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी आयता आणला असतास."

आणला असता.