मोहाखालचा डाव

१५ मे २०१६, रविवार

आजचाही खेळ पार पडला! चार तास. परांजपेच्या योद्ध्याने रानडुक्कर मारलं, पण स्वतःचंच बोट कापून घेतलं. ऋजुताताईच्या वैद्यिणीने त्यावर पाला बांधला. जोबी सर इतके हसले की ग्लासातली बिअर माझ्या नकाशावर सांडली. त्यांनीच ह्या ब्रुअरीत बनवलेली — काळी, कॉफीच्या वासाची. नाला काळा झाला. राहू दे, पावसाळ्यात तसाच दिसतो.

टेबलावर मी खेळाच्या नियमांचं पुस्तक उघडं ठेवतो. तीनशे पानं, इंग्रजी. मधेच एखादं पान उलटतो, मान हलवतो. वाचता येत नाही! नववीत शाळा सुटली. दोन वर्षं ह्याच टेबलावर ग्लास ठेवता ठेवता ऐकलं, तेवढंच शिक्षण. त्यांना गोष्ट सांगणारा दोस्त जानेवारीत कॅनडाला गेला, तेव्हा ऋजुताताईच म्हणाल्या, "तू सांग ना, लोकेंद्र. तुला सगळे नियम पाठ आहेत." तेव्हापासून दर रविवारी बारा ते चार मी ब्रुअरीतला टँक धुणारा नाही. मी गोष्ट सांगणारा. मी म्हणेन तिथे रान, मी म्हणेन तिथे पाणी.

एक नियम मात्र माझा, पुस्तकातला नाही. प्रत्येकाने आपल्या माणसाचं एक गुपित चिठ्ठीवर लिहायचं आणि हॉप्सच्या, बिअरमधल्या कडू फुलांच्या, रिकाम्या डब्यात टाकायचं. मोहीम संपली की मी उघडणार, तोवर कोणी नाही. परांजपे दर रविवारी डबा हलवून बघतो.

किल्ले, राक्षस मला जमत नाहीत. मी नागझिऱ्याचं रानच काढलं. तळं, बांबूचं गचपण, रेतीचा नाला, टोकाला मोहाचं झाड. नाव दुसरं दिलं. ते म्हणतात, काय डोकं आहे तुझं!

१८ मे, बुधवार

सकाळी माल्ट, बिअरसाठी मोड आणलेलं जव, गरम पाण्यात सोडलं. तो वास आला की मी गोंदियात. राइस मिलच्या मागे उसन्या तांदळासाठी धान वाफवतात, अगदी तोच. जोबी सर म्हणतात बिअर जर्मनीची. मला तर ती रेल्वे फाटकाजवळची वाटते.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, नीतूचा फोन.

"दादा, ओमेशभाऊ पुण्याले येऊन राहिला."

"काऊन?"

"डोळा बसवाले. नकली. तिथल्या दवाखान्यात चांगला बसवते म्हणे. तुह्याच खोलीवर राहील न. — दादा? ऐकून राहिला का?"

ऐकून राहिलो. पाइप हातातून सुटला होता, चप्पल भिजून गेली.

२२ मे, रविवार

आज ते मोहाच्या झाडाच्या अलीकडे थांबले. चार वाजले म्हणून, नाहीतर आजच पोहोचले असते.

लिहूनच टाकतो. आजवर कोणाला सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा चैत. पहाटे मी आणि ओमेशभाऊ मोहफूल वेचायला गेलो. चुलतभाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो टोपली घेऊन झाडाखाली वाकला होता, मी मागे. अस्वल समोरून आलं. पाठीवर दोन पिलं. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं — अस्वल दिसलं की बोंबलायचं, दोघं असाल तर दोघांनी, काठी आपटायची, पाठ दाखवायची नाही.

मी पाठ दाखवली. वीस पावलांवर साजाचं, म्हणजे ऐनाचं झाड होतं, त्यावर चढलो. डोळे मिटून घेतले. अस्वलाचा आवाज येत होता. भाऊचा नाही. एकदाही नाही! सगळं थंड झाल्यावर उतरलो आणि गावाकडे पळालो. माणसं आणली.

गाव म्हणतं, लोकू धावला म्हणून ओमेश वाचला. केशोरावकाकांनी मला सगळ्यांसमोर पोटाशी धरलं. आपल्या पोराचा अर्धा चेहरा गेलेला, आणि मला पोटाशी धरलं. दोन महिन्यांत मी पुण्याला.

भाऊ ओरडला नाही, म्हणजे पहिल्याच पंज्याला बेशुद्ध पडला असणार. त्याला काही दिसलं नसणार. ह्या एकाच गोष्टीवर मी तीन वर्षं झोपतो. कधी कधी वाटतं, त्याने हाक मारली असती तर मी उतरलो असतो का? दर वेळी उत्तर एकच. नाही.

आणि नकाशावर मोहाखाली अस्वल मीच ठेवलंय. फेब्रुवारीतच. काऊन ठेवलं? दुसरे लोक अशा वेळी काय करतात ते बघायचं होतं बहुतेक.

२३ मे

भाऊचा फोन. दोनच वाक्यं. "शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघतो. रविवारी सकाळी पोचतो."

रविवारी!

२६ मे, गुरुवार

खेळ रद्द करायला गेलो. ऋजुताताई म्हणाल्या, "तीन महिने जंगलात फिरवलंस आणि आता सुट्टी? शक्यच नाही." जोबी सर म्हणाले, "उस पेड़ के नीचे क्या है, वो बता के जा। फिर छुट्टी।" भाऊ येणार आहे म्हटलं. "तो उसको भी बिठाओ!"

परांजपेने एक फासा ओढून बाजूला काढला. वीस बाजूंचा, हिरवा. "हा तुझ्या भावाचा. नवीन आहे, बिघडलेला नाही."

दुपारी रबराने नकाशावरचं अस्वल खोडलं. कागद विरला, थोडा फाटला. आता तिथे अस्वल नाही, भोक आहे.

ठरलं — झाडाखाली काही नाही. पुढे जा म्हणायचं.

२९ मे, रविवार

भाऊ आंघोळीला गेलाय, तेवढ्यात लिहितो. नळ चालू आहे तोवरच.

सकाळी स्टेशनवर मी त्याच्या समोरून दोनदा गेलो म्हणे. तिसऱ्यांदा त्यानेच हाक मारली. "ओळखलं नाहीस का गा?" दुपट्टा खाली केला. उजवी बाजू शिवलेली, डोळ्याची खोबण रिकामी. डावी बाजू जशीच्या तशी. हसला तेव्हा अर्धाच हसला. धनवंताकाकूनं, त्याच्या आईनं, लाखोरीची डाळ आणि चिन्नोर तांदूळ पाठवलेत. "खाते का नाही, हे पाहून येजो म्हणाली."

खोलीवर ठेवून एकटाच जायचा बेत होता. "तुह्यं काम पाहाचं आहे," म्हणाला. नेलं.

टेबलापाशी आल्यावर तिघांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ऋजुताताईंनी खुर्ची सरकवली, जोबी सरांनी ग्लास भरला. भाऊने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "हे त उसन्याच्या हौदातलं पाणी आहे बे. थंड केलेलं!" जोबी सर म्हणाले, "क्या बोला?" मी म्हटलं, "अच्छा लगा बोला."

मी समजावून सांगितलं. एक जण गोष्ट सांगते, बाकीचे त्यात एकेक माणूस होतात. आपला माणूस काय करते ते आपण सांगाचं. जमलं का नाही ते फासा सांगते.

"समजलं. माहा माणूस बकाराम. गुराखी."

मग चिठ्ठी. "खरं लिहाचं का खोटं?"

"तुह्या माणसाचं गुपित लिही, भाऊ. खेळातल्या."

"हो न." परीक्षेत झाकतात तसा डावा हात आडवा धरून लिहिलं. खूप वेळ लिहिलं. घडी करून डब्यात टाकलं.

चालत चालत ते मोहाशी आले. मी पाठ केलेलं म्हटलं, "झाडाखाली शांत आहे. कोणी नाही. पुढे वाट आहे."

भाऊ नकाशावर वाकला. एक डोळा अगदी कागदाला लावून. बोट नाल्यावर ठेवलं, मोहावर आणलं, भोकावर थांबवलं. मग बाजूच्या कोऱ्या जागेवर.

"इथं साजाचं झाड होतं. ते काऊन नाही काढलं?"

मी सगळं काढलं होतं. नाल्यातला दगडसुद्धा. साज नव्हता काढला.

त्याने परांजपेची पेन्सिल घेतली आणि झाड काढलं. सरळ खोड, वर दोन फांद्या. "आता बरोबर. आन् अस्वल?"

"अस्वल आहे?" ऋजुताताई उठून उभ्याच राहिल्या.

सगळे माझ्याकडे. भाऊ पण. रागाने नाही. वाट बघत होता.

"आहे," मी म्हटलं. "बकारामच्या समोर. दहा हातांवर. बाकीचे अजून नाल्यात आहेत."

परांजपेचा योद्धा लगेच तलवार काढून पळत सुटला, पण नाला ओलांडायला त्याला दोन पाळ्या लागणार. "बकाराम काय करतो?" मी विचारलं.

"चूप राहते."

"अहो, ओरडा!" परांजपे म्हणाला. "आम्ही आहोत ना इथे!"

"हाक मारा, दादा," ऋजुताताई म्हणाल्या. "त्याशिवाय आम्हाला कळणार कसं?"

"नाही. चूप."

मी म्हटलं, "अस्वल अंगावर आलं. पंजा चेहऱ्यावर बसला. इतकं दुखत असताना चूप राहणं सोपं नाही. फासा टाकावा लागेल. पंधराच्या वर पाहिजे." नियम तिथल्या तिथे बनवला. पडू नये असं वाटत होतं. खेळात तरी त्याने एकदा ओरडावं!

हिरवा फासा घरंगळला, ग्लासाला लागून थांबला. सतरा.

"जमते," भाऊ म्हणाला. "मले माहीत होतं."

मले माहीत होतं. म्हणजे तो शुद्धीवर होता. सगळा वेळ शुद्धीवर होता!

नळ बंद झाला. बस.

३० मे

दवाखाना. डोळ्याचं माप घेतलं. रिक्षात शेजारी शेजारी. तो बाहेर बघत होता, मी त्याच्या शिवणीकडे.

१ जून, बुधवार

डोळा बसला. आरशात बघून म्हणाला, "लोकू, हा त जमीनवाल्या मालगुजाराच्या पोराचा डोळा दिसते! आपल्या घरच्या माणसाचा नाही वाटत." मी हसलो. हसता हसता डाळ करपली. तशीच खाल्ली. तीन दिवसांत त्याने त्या दिवसाचं एक अक्षर काढलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तर आणखी बरं.

२ जून, गुरुवार

स्टेशनवर सोडलं. गाडी लागली तेव्हा हिंमत केली. "भाऊ, त्या दिवशी मी —"

"पाण्याची बाटली घेतली का?"

घेतली होती. दिली. तो चढला, खिडकीशी बसला. दोन्ही डोळे माझ्याकडे, एक हलत होता, एक नाही.

"ते डब्यातली चिठ्ठी वाचली का?"

"मोहीम संपल्यावर वाचतात. नियम आहे."

"कोणाचा?"

"माहाच."

"मंग ठीक. पाळ." गाडी हलली. "मायले फोन करत जाय!"

५ जून, रविवार

मोहीम संपली. रानाच्या पलीकडे गाव लागलं, तिघंही जिवंत. डबा उघडला. परांजपेचं गुपित — 'माझा योद्धा अंधाराला घाबरतो.' सगळ्यांनी त्याला धू धू धुतलं. जोबी सरांचं मल्याळममध्ये, त्यांनी सांगितलंच नाही. ऋजुताताईंची वैद्यीण म्हणे वैद्यीणच नव्हती, सगळा पाला अंदाजाने बांधत होती. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "पुस्तक न वाचताही चालतं की, लोकेंद्र." त्यांना माहीत आहे! कधीपासून कोण जाणे.

"बकारामची राहिली," परांजपे म्हणाला.

"घरी वाचतो."

शर्टाच्या खिशात आहे. संध्याकाळभर टँक धुतला, पाण्याने भिजली का बघत राहिलो. उघडली नाही. मला ठाऊक आहे आत काय असणार. 'लोकू झाडावर होता.' एवढंच. आणि ते त्याच्या अक्षरात वाचायचं.

६ जून

उघडली. पेन्सिलीने, शाळेतल्यासारखं मोठं अक्षर.

'साजावर माहा लहान भाऊ होता. हाक मारली असती त तो खाली उतरला असता. म्हणून नाही मारली.'