वहीतलं क्रियापद

३ ऑगस्ट

ती. मामांस भाचीचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुम्ही पाठवलेली वही पोचली. तुमची अडतिसावी चालू आहे म्हणे. माझ्या पहिलीची सोळा पानं भरली तर हात दुखायला लागला. लहानपणी मी तुमच्याकडे यायचे तेव्हा तुम्ही रोज सकाळी खिडकीशी लिहीत बसलेले असायचात आणि शेजारी चहा गार होत असायचा. रोज एवढं लांबलचक पत्र कोणाला लिहिता, असं मी विचारलं होतं. देवाला, त्यालाच माझं अक्षर लागतं, असं म्हणाला होतात. मी कितीतरी दिवस पोस्टमनलाच देव समजत होते! मी प्रार्थनेला बसले की मन चार दिशांना पळतं. तुमचं वहीपाशी कसं शहाण्यासारखं बसतं, याचा मला फार हेवा वाटतो.

सध्या मलाही त्याची गरज आहे. आमच्या शिवण-कारखान्यात एका सभागृहाचा मखमली पडदा आला होता. मखमलीला लव असते, त्यामुळे सगळे पट्टे एकाच दिशेने जोडावे लागतात. म्हणून कापतानाच प्रत्येकाच्या पाठीवर खडूने बाण काढतात. घाईत चूक झाली आणि सहा पट्ट्यांवरचे बाण राहून गेले. पडदा टांगला तर निम्मा काळपट, निम्मा चकचकीत. ठपका आला तो शिलाईच्या बाईंवर, ज्यांनी मला कात्री धरायला शिकवली. मालकीणबाईंनी त्यांना घरी बसवलं. त्यातून मी याच महिन्यात मुख्य कटर होणार, त्यामुळे सगळंच विचित्र झालंय.

वहीत रोज बाईंसाठी प्रार्थना लिहिते, पण मन काही हलकं होत नाही. माझी लिहिण्याची पद्धतच चुकत असणार. वही वेगळ्या पाकिटातून पाठवतेय, तुमच्या लाल शाईने तपासून द्या.

मामींना सलाम. माझ्यावरचा लोभ उतू गेला तरी चालेल.

तुमची,
भाची


९ ऑगस्ट

चि. कात्रीबाईस अ. उ. आ.

तुझी वही आली तशी परत पाठवतोय, दोरासुद्धा सोडलेला नाही. ते टपाल माझ्या नावाचं नव्हतं. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांची मुद्रितं तपासली, पण देवाच्या पत्रव्यवहारात नाक खुपसण्याइतका आगाऊ मी नाही. तुझ्या मामीचं मत वेगळं आहे, ते सोड.

पत्र मात्र माझ्या नावाचं होतं, म्हणून ते तपासलं. शुद्धलेखन बरं आहे. पण 'चूक झाली', 'बाण राहून गेले', 'ठपका आला', 'विचित्र झालं'... अगं, एवढ्या मोठ्या कारखान्यात काही करणारं माणूसच नाही का? सगळं आपोआप होतं? बाण कोणी काढायचे होते, ते मी विचारत नाही.

विचारायला मला तोंडही नाही. एकतीस वर्षांपूर्वी छापखान्यात एका निधनवार्तेचं मुद्रित माझ्याकडे आलं. कंपोझिटरने खिळ्यांत नाव बरोबर जुळवलं होतं. पण ते घर माझ्या ओळखीचं, म्हणून मी दीडशहाण्याने ते लाल शाईने बदललं. गेला होता धाकटा भाऊ, छापलं गेलं थोरल्याचं नाव. लोक जिवंत माणसाच्या दारात रडत आले. मी माझी लाल शाई असलेला कागद चुलीत घातला आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली कंपोझिटरने. वहीत मी अकरा दिवस 'नावात चूक राहिली' असंच लिहीत होतो, जशी काही ती पाहुणी म्हणून राहिली होती. बाराव्या दिवशी लिहिलं, 'नाव मी बदललं. कागद मी जाळला.' आणि रडलो.

वहीचं बळ एवढं, की ती खोटं फार दिवस टिकू देत नाही. पण पुढे मी लबाडी केली. देवाला कळवलं म्हणजे कंपोझिटरला पोचलं, असं सोयीने धरून चाललो. तो अजूनही दर रविवारी उपासनेला माझ्याच बाकावर बसतो. गीताचं पान मला तोच काढून देतो, कारण माझा चष्मा घरी राहतो. बघ, पुन्हा तेच! चष्मा मी विसरतो.

तेव्हा माझ्या अडतीस वह्यांचं फार कौतुक नको. जीव जपून राहा आणि या म्हाताऱ्याला पत्रातून आठवत राहा.

तुझा,
मामा


२४ ऑगस्ट

ती. मामांस सप्रेम सलाम, वि. वि.

तुमच्या पत्राचा आधी रागच आला. दोन दिवस वहीला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, 'प्रभू, बाण मी काढले नाहीत. बाईंना घालवलं तेव्हा मी गप्प बसले, कारण मला मुख्य कटर व्हायचं होतं.' लिहिल्यावर एवढी भीती वाटली की पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. वही पिशवीत घातली आणि तशीच मालकीणबाईंपुढे जाऊन उभी राहिले.

मुख्य कटर आता दुसरीच होणार आहे. मला कापण्याच्या टेबलावरून उठवून शिलाईला बसवलंय. बाईंना परत बोलावल्याचा निरोप मीच घेऊन गेले. त्यांनी मला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की तीन आठवडे घरी माझी सून माझ्या हातचं काम पुन्हा तपासून बघत होती, ते तू कसं भरून देणार? त्या परत कामावर आल्यात. माझ्याशी दोऱ्यापुरतंच बोलतात. तरीही मामा, मला शांत झोप लागते.

हे तुमच्यामुळे झालं. नाही, तुम्ही केलंत. एकच विचारते, रागावू नका. येत्या रविवारी तुम्ही त्याच बाकावर बसणार ना?

माया आहे तेवढीच ठेवा, जास्त मागायची सध्या लाज वाटते.

तुमची,
भाची


१ सप्टेंबर

चि. भाचीस अ. उ. आ.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवताना मला दोनदा थांबावं लागलं. मला अडतीस वह्यांत जमलं नाही ते तू पहिल्या वहीत करून दाखवलंस. पोरी, तुझा फार अभिमान वाटतो.

काल उपासना संपल्यावर कंपोझिटरला बाकावरच थांबवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो चिडेल, निदान बाक तरी बदलेल, अशी मनाची तयारी ठेवली होती. तो नुसता आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, की त्या दिवसापासून त्याने माणसांची नावं जुळवायला घेतलीच नाहीत, मागून मागून जाहिरातींचं काम घेतलं. इतकी वर्षं तो आपलाच हात चुकला असं समजत होता. आणि मी समजत होतो, की त्या दिवशीची बोलणी त्याने त्याच दिवशी झटकून टाकली.

नंतर त्याने विचारलं, की म्हणजे नाव त्याने बरोबर जुळवलं होतं ना? मी हो म्हटलं. सगळे बाहेर पडले, आम्ही दारापर्यंत आलो, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. रस्त्यावर तिसऱ्यांदा. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

आज सकाळी वही उघडली नाही. त्याच्याकडे निघालोय. त्याला चौथ्यांदा ऐकायचं असेल.

असाच जीव लावत जा.

तुझा,
मामा