बोटांना सापडेल असं यंत्र

३ जून, मंगळवार

दुसरंही यंत्र परत पाठवलं. आमच्या आसावरीनं हौसेनं मागवलं होतं. लेक राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला, तिला वाटतं जगातली हरेक वस्तू दारात येऊन पडते. "आई, लेटेस्ट आहे, किती स्लीक बघ ना." स्लीक आहे म्हणूनच नको, बाई! सगळी काच. यांचे डोळे काचबिंदूनं जाऊन तीन वर्षं झाली. काचेवर बोट ठेवून यांना काय कळणार – कुठं सुरू, कुठं बंद?

"मग फोनवर ऐकू देत बाबांना." फोन म्हणजे तरी काय, काचच. शिवाय मधेच कुणाचा तरी फोन टपकतो.

मला हवंय ते एवढंच – खिशात मावणारं, बोटांना सापडतील अशा कळांचं, आणि मी वाचलेलं पुस्तक माझ्याच आवाजात ऐकवणारं. मे महिन्यापासून फोनमध्ये वाचून भरतेय. वीस तारखेला माझ्या घशाचं ऑपरेशन, स्वरयंत्रावर गाठ आहे. त्यानंतर पंधरा दिवस अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. "आवाज पहिल्यासारखा येईल ना?" विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "बघू."

रोज चारला मी यांना तासभर वाचून दाखवते. तो तास काढला तर यांचा दिवस म्हणजे नुसती खुर्ची.

५ जून

स्वतःच चिकपेटच्या बाजारात गेले. तिथल्या गल्लीत पाच दुकानं पालथी घातली. "बटनवाला? आता येत नाही, अक्का." एकानं तर मला रेडिओच दाखवला.

सहाव्या दुकानात मंजुनाथ म्हणून एक चाळिशीचा गृहस्थ. जुन्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून एक काढलं. काडेपेटीएवढं. "स्वल्प जुनं मॉडेल, अक्का. पण बटन आहे." मी डोळे मिटून बोटं फिरवली. पाच कळा, मधली खोलगट. तो हसायला लागला – "डोळे मिटून कोण खरेदी करतं?" म्हटलं, "ज्यांच्यासाठी घेतेय त्यांना डोळ्यांनी दिसत नाही." मग हसला नाही. स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. चहा पाणचट होता, पण प्यायले.

६ जून

कळ दाबली की आतली बाई इंग्रजीत ओरडते. हे एवढे दचकले की बशीतला चहा मांडीवर. "हिला आधी घराबाहेर काढ." काढता येत नाही. आसावरीलाही जमलं नाही.

९ जून

काल रविवारी आसावरीनं माझी अकरा प्रकरणं त्यात घालून दिली. पुस्तक एका फौजी डॉक्टरच्या आठवणींचं आहे. आज चारला हे ऐटीत बसले, मीही भाजी निवडत बसले.

पहिलं प्रकरण संपलं आणि लागलं दहावं! पुढची कळ दाबली तर अकरावं, मग दुसरं. डॉक्टर आत्ता तर भरती झाला होता, आणि पाच मिनिटांत त्याचा निरोपसमारंभ. "रिटायर झाला?" हे म्हणाले. "नोकरी बरी दिसते."

आसावरी फोनवर म्हणे, "अगं, यंत्र नुसता पहिला आकडा बघतं. फायलीच्या नावात एकच्या आधी शून्य लाव, दोनच्या आधी शून्य लाव." माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. आकड्याच्या आधी शून्य लावून काही होतं हे कुठल्याच पुडीवर नव्हतं. यंत्रातलं कार्ड फोनमध्ये घालून एकेक शून्य लावत बसले. दोन तास गेले. जमलं मात्र.

११ जून

आता नवीनच. बंद केलं की जागा विसरतं. प्रकरण लक्षात ठेवतं, पण परत सुरू केलं की त्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीवर. एक प्रकरण पाऊण तासाचं. हे मधे बाथरूमला गेले, की पुस्तकातला डॉक्टर पुन्हा पहिल्या ओळीतल्या घोड्यावर चढतो. आज चौथ्यांदा चढला.

मंजुनाथला फोन केला. "अक्का, ते गाण्यासाठी आहे. गाणं चार मिनिटांचं असतं."

सरी, मंजुनाथ, बरं तर. म्हणजे पुस्तकाची गाणी करायची.

१२ जून

भरलेल्याचे तुकडे कसे करतात ते मला येत नाही. आसावरीला या आठवड्यात ऑफिसातून मान वर करायची सोय नाही. मग पुन्हा वाचायला बसले – चार मिनिटं वाच, थांब, नवं सुरू कर. सकाळपासून सव्वीस तुकडे. घशात मिरची लागल्यासारखं होतंय.

१४ जून

आवाज बसला. वाचन नाही.

१६ जून

घशाचे डॉक्टर रागावले. आसावरी त्याहून रागावली – "ऑपरेशनच्या आधीच घसा फाडून घेतेस का?" हे सगळं यांच्या कानावर गेलं. यंत्र चाचपडत उचललं आणि देवाच्या फळीवर ठेवून दिलं. "नको मला ते."

माझं डोकं फिरलं. बसक्या आवाजातच म्हटलं, "मग पंधरा दिवस काय भिंतीकडं बघत बसणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"भिंत दिसली तर बघेन की," हे म्हणाले. मग दोघंही हसलो. पण यंत्र फळीवरच राहिलं.

१८ जून

सकाळी मी स्वयंपाकघरात. न्हाणीघरातून यांची हाक – "शालन, टॉवेल कुठाय?" मी सांगितलं, पण आवाज दारापर्यंतही पोचेना. परत हाक. मग तिसरी. तिसरी वेगळीच होती. गॅस बंद करून पळत गेले. हे ओलेते उभे, एक हात हवेत.

टॉवेल हातात दिला. अंग पुसायचं सोडून म्हणाले, "परवापासून असंच ना?"

जवळ असले तर हात धरीन, पाठीवर थोपटीन. पण पलीकडच्या खोलीतून? यांना दिसत नाही आणि मला बोलायचं नाही – हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी अकरा प्रकरणं भरली, वर सव्वीस तुकडे. हाकेला साधी 'ओ' भरली नाही.

१९ जून

पुस्तक काढून टाकलं. यंत्राला दोरा बांधून माझ्या गळ्यात घातलंय, यांनी हाक मारली की कळ मी दाबायची. आवाज थोडा उघडलाय तेवढ्यात भरून घेतलं – 'ओ, आले', 'इथंच आहे', 'चहा उजव्या हाताला', 'पायरी', 'हो', 'नाही'. हे शेजारी बसून सांगत होते काय काय लागेल ते.

"आणि पुस्तक?" मी विचारलं.

"तू वाचशील तेव्हा. मी थांबतो."

मग म्हणाले, आणखी एक भर – 'अहो, जरा दम धरा'. मी भरलं. "असं नाही. वैतागून." परत भरलं. "अजून."

तिसऱ्यांदा खरंच वैतागले. ते ठेवलं.