अपघाताच्या कारणाचा रकाना

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जुनी वाहने विभाग,
वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : वडिलांच्या अपघात-नोंदीत लिहिलेले ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे कारण बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) वाहन ‘मूळ स्थितीत’ आणण्याविषयी आपल्या कार्यालयाचे पत्र. २) वाहन मूळ स्थितीत असल्याचे आपल्याच कार्यालयाचे प्रमाणपत्र.

महोदय,

१. आपल्या कार्यालयाच्या फाटकाच्या खांबावर मोटार आदळून जे गृहस्थ मरण पावले, त्यांची अर्जदार ही मुलगी आहे. वडिलांचे औषधांचे दुकान होते. ते बंद केल्यावर त्यांनी भंगारातून एक जुनी अमेरिकन मोटार आणली. लांबलचक, फिकट हिरवी, कापडी छत मागे दुमडता येणारी. तिला उभी करण्यात त्यांची निवृत्ती सरली. बाहेरून ती कारखान्यातून नुकतीच निघाल्यासारखी दिसे. आत मात्र त्यांनी आजच्या काळाच्या सुधारणा केल्या होत्या आणि त्या कुणाच्या नजरेस पडू नयेत याची काळजी घेतली होती. पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक होते, स्टीअरिंग एका हाताने फिरे, सीटचे पट्टे सीटच्याच रंगाचे होते. जुन्या रेडिओच्या खोक्यात नवा रेडिओ होता. आई म्हणायची, “म्हातारीला कवळी बसवलीय, पण हसली तरी कुणाला कळायचं नाही.”

२. जुने वाहन म्हणून नोंदणी मिळावी, असा अर्ज वडिलांनी केला. उत्तरादाखल आलेल्या पत्रात एकच वाक्य होते : ‘सदर वाहन मूळ स्थितीत आणून तपासणीस हजर करावे.’ येथे वडिलांच्या स्वभावाविषयी लिहिणे भाग आहे. त्यांचा सगळा जन्म डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेला. चिठ्ठीवर असेल तेच द्यायचे, त्यात आपली अक्कल घालायची नाही आणि शंका आली तर लिहिणाऱ्यालाच विचारायचे, हा त्यांचा नियम होता. त्याप्रमाणे ते आपल्या खिडकीवर येऊन विचारून गेले. “आजोबा, पत्रात लिहिलंय तसं करा की,” असे उत्तर मिळाले. त्यांची शंका फिटली.

३. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेले सगळे स्वतःच्याच हातांनी काढले. डिस्क ब्रेक उतरवून मूळचे ड्रम ब्रेक चढवले. पट्टे उसवले. आई शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, “अहो, पट्ट्यांनी कुणाचं काय बिघडवलंय?” ते म्हणाले, “अगं, कारखान्यातून आली तेव्हा नव्हते ना! नोंदणी झाली की लावू परत.” काढलेला प्रत्येक भाग त्यांनी पुसून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवला आणि त्यावर औषधाच्या बाटलीला लावतात तशी चिठ्ठी लावली. चिठ्ठ्यांवर ‘पुढील उजवे’, ‘पुढील डावे’ असे लिहिलेले आहे. अर्जदाराने अद्याप त्यांना हात लावलेला नाही.

४. तपासणीच्या दिवशी आईने सोबत यायचे ठरवले होते. ऐन वेळी ती म्हणाली, “पट्टा नाही तर मी नाही.” वडील हसले आणि एकटे निघाले. आपल्या कार्यालयाकडे येणारा रस्ता उताराचा आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. तळाशी एक टेम्पो आडवा वळत होता. वडिलांनी ब्रेक दाबला. पंचनाम्यातील साक्षीदार सांगतो, की गाडीचा वेग कमी होत होता, पण ती थांबेना. टेम्पो चुकवण्यासाठी त्यांनी गाडी फाटकाकडे घातली. स्टीअरिंगचा दांडा त्यांच्या छातीत बसला. आईच्या त्या वाक्याने आई वाचली. ही गोष्ट आईला अजून कुणी बोलून दाखवलेली नाही.

५. वडिलांना दवाखान्यात नेल्यावर मोटार आपल्या आवारात ओढून घेण्यात आली. नेमलेल्या दिवशी वाहन आवारात हजर आहे, असे पाहून आपल्या निरीक्षकांनी तपासणी उरकून घेतली. प्रमाणपत्रावर शेरा आहे : ‘अपघातग्रस्त भाग वगळता वाहन मूळ स्थितीत आढळले. नोंदणीस पात्र.’ ते दहाव्याच्या दिवशी टपालाने घरी आले. पाकिटावर वडिलांचे नाव होते.

६. खुलासा मागण्यासाठी अर्जदार निरीक्षकांना भेटली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले. मग म्हणाले, “ताई, मूळ स्थिती म्हणजे रंग, बंपर, दिवे. बाहेरून दिसतं तेवढंच. ब्रेक बघायला खाली कोण वाकतंय? तुमच्या वडिलांनी उगाच इतकं मनावर घेतलं.” याच समजुतीने अपघात-नोंदीत कारण लिहिले गेले आहे : चांगले ब्रेक चालकाने आपण होऊन काढले, सबब निष्काळजीपणा.

७. हे कारण बदलावे, अशी अर्जदाराने तोंडी विनंती केली. छापील नमुन्यात तीनच कारणे असल्याचे सांगण्यात आले. पैकी ‘रस्त्याची स्थिती’ लिहिता येत नाही, कारण रस्ता चांगला आहे. ‘यांत्रिक बिघाड’ लिहिता येत नाही, कारण वाहन नोंदणीस पात्र असल्याचे प्रमाणपत्र आपणच दिले आहे. आणि खरेही आहे, ब्रेक बिघडले नव्हते. ते बनवले तेव्हा जेवढे लागत तेवढेच त्या दिवशी लागले. राहता राहिला निष्काळजीपणा. ज्या माणसाने आयुष्यात चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय एकही गोळी गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही, त्याच्या नावापुढे हा शब्द कायमचा राहणार आहे.

८. तरी विनंती, की कारणाच्या रकान्यात ‘कार्यालयाच्या लेखी सूचनेचे तंतोतंत पालन’ असे लिहावे. असे कारण नमुन्यात नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. ते लिहिणे नियमात बसत नसेल, तर आहे तो शब्द खोडून रकाना कोरा ठेवावा. कोऱ्या जागेबद्दल अर्जदाराची काही तक्रार राहणार नाही.

नोंदणी नको आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
मयत वाहनमालकाची मुलगी

दिनांक : आवक खिडकीवर शिक्का पडेल तो.

सोबत : १) आपल्या पत्राची प्रत. २) प्रमाणपत्र, मूळ प्रत, परत.