भरिताचा घास

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भिंतीवरचा तुमचा फोटो मला जाब विचारल्यासारखा बघतो. बघू दे. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे. गोंगाट, उग्र वास, लिबलिबीत घास मला खरंच सोसत नाही. मी जन्मापासूनच अशी आहे. तुमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता, नाटकं. गावाला सल्ले देत फिरणारा माणूस, आणि पोटच्या पोरीपुढे अक्कल एवढ्यावरच संपली!

असोद्याच्या आपल्या शेतातली ती भरीत पार्टी आठवते? मी तिसरीत असेन. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजून झालीत, भरीत ठेचून तयार आहे, पंगत बसलीय. पाहुण्यांचा नुसता कालवा चाललाय. मी मान खाली घालून केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची कोरडी पुरी खातेय. एक पाहुणा हसतो, "काय हो नाना, पोरगी भरीत खात नाही? खान्देशचीच ना?" झालं! तुमचं नाक कापलं गेलं. तुम्ही जाळाजवळून उठून येता, माझा जबडा धरता आणि भरिताचा घास कोंबता. मी पानावरच ओकते. "चारचौघांत नाटकं नकोत," एवढं बोलून तुम्ही परत जाळाकडे जाता. त्यानंतर लग्न असो की बारसं, मी हसरं तोंड करून गिळत राहिले आणि घरी येऊन अंधार करून पडत राहिले. लोक म्हणायचे, नानांनी काय वळण लावलंय पोरीला! डोंबलाचं वळण.

आता जळगावात मी अशाच मुलांचा वर्ग घेते. तिथं कुणी कान झाकले तर झाकू देते, नजर चुकवली तर हनुवटी धरून वर करत नाही. आईबापांना पहिल्याच दिवशी सांगते, मीही यांच्यातलीच. काही जण खुर्ची मागे सरकवतात. सरकवोत बापडे. तुमच्या नातीला, माझ्या भावाच्या पोरीलाही, मीच तिथं आणलं. तुमच्या लाडक्या चिरंजिवांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते पोरगी लाडानं बिघडलीय. अगदी तुमचाच साचा, हुशारीसकट.

या हिवाळ्यात त्यांनी त्याच शेतात पार्टी ठेवली. पोरगी गर्दीकडे पाठ करून जाळाजवळ बसली होती आणि काडीनं वांगी उलटत होती. मजेत होती. चिरंजिवांनी तिला ओढून पंगतीत आणलं, घास उचलला आणि म्हणाले, "चारचौघांत नाटकं नकोत." तुमचाच आवाज, नाना. मी भावाचा हात मनगटाला धरला. तो म्हणाला, "तुला पोरंबाळं नाहीत, तू मधे पडू नको." मी म्हटलं, "घास खाली ठेव, नाहीतर सगळ्यांसमोर तुझ्या तोंडात कोंबते." हात सोडला नाही. तेवढ्यात धुळ्याची अक्का, तुमची सख्खी बहीण, पानावरून मान वर न करता म्हणाली, "राहू दे रे तिले. बठ्ठी नानासारखी शे. त्यानी तरी कधी भरीत खादं?"

त्यानं घास खाली ठेवला. पोरगी सगळी तुमच्यासारखी, असं अक्का म्हणाली आणि मला एकेक आठवत गेलं. दर पार्टीत भाजायचं काम तुम्ही मागून घ्यायचा, पाहुण्यांकडे पाठ करून बसायचा, आणि शेवटी "पोट भरलं" म्हणत मिरचीशी कोरडी पुरी खायचा. आम्हाला वाटायचं, काय राबतो माणूस! अहो, तुम्हालाही ते सोसत नव्हतं. हे कळल्यावर तुमची कीव यायला हवी होती. आली नाही, उलट अंगाची आग झाली. तो घास घशात गेला की काय होतं ते ठाऊक असूनही तुम्ही माझा जबडा धरलात. भित्रे होतात तुम्ही, नाना. एका पाहुण्याच्या हसण्याला घाबरलात.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही. त्या दिवशी पोरगी परत जाळाजवळ गेली, मीही तिच्या शेजारी जाऊन बसले. कोरडी पुरी खाल्ली. लहानपणी तुमच्या शेजारी असंच येऊन बसावंसं मला दर वेळी वाटायचं.